मुद्दाम बिघडवलेल्या सर्टिफिकेटांनी टेस्टिंग: कोण कसं करतं?

टेस्टर_नाशिककर
नमस्कार मंडळी. आमच्या टीमकडे एका पेमेंट अ‍ॅपचं टेस्टिंग आहे. क्लायंटच्या सिक्युरिटीवाल्यांकडून एक एक्सेल आली. त्यात एक ओळ अशी: ‘मालफॉर्म्ड सर्टिफिकेट देऊन तपासलं का? हो / नाही.’ (सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हरचं डिजिटल ओळखपत्र, मालफॉर्म्ड म्हणजे बिघडवलेलं.) टीममध्ये लगेच दोन तट पडले. एक म्हणतो, हे लायब्ररीचं (अ‍ॅपने वापरलेल्या तयार कोडचं) काम, आपण कशाला त्यात हात घालायचा? दुसरा म्हणतो, एक एक्स्पायर झालेलं आणि एक सेल्फ-साइन्ड (स्वतःच सही केलेलं) लावून बघू, अ‍ॅप नाही म्हणालं की ‘हो’ लिहून मोकळे होऊ. मला दोन्ही पटत नाहीये, पण का पटत नाही ते मुद्देसूद मांडता येत नाहीये. इथे नेटवर्क आणि क्रिप्टोतली जाणती मंडळी बरीच आहेत. तुम्ही प्रत्यक्षात काय करता?

जुना_खेळाडू
‘लायब्ररीचं काम’ म्हणणाऱ्यांना २००३ सालची गोष्ट ऐकवा. ब्रिटनमध्ये तेव्हा एनआयएससीसी नावाची सरकारी संस्था होती, देशातल्या महत्त्वाच्या यंत्रणांची सुरक्षा बघणारी. त्यांनी नाना तऱ्हेने बिघडवलेल्या क्लायंट सर्टिफिकेटांचा (म्हणजे सर्व्हरशी जोडणाऱ्याने दाखवायच्या सर्टिफिकेटांचा) एक संच तयार केला, एसएसएल (इंटरनेटवरचं संभाषण सुरक्षित करायची पद्धत) बोलणारं सॉफ्टवेअर अशा वेळी काय करतं ते बघायला. ओपनएसएसएल या एसएसएलच्या लायब्ररीच्या टीममधल्या स्टीफन हेन्सन यांनी तो संच आपल्याच कोडवर चालवला. परिणाम म्हणजे ३० सप्टेंबर २००३ चं सुरक्षा सूचनापत्र आणि ०.९.७सी व ०.९.६के या नव्या आवृत्त्या.

सापडलं काय? पार्सरने (सर्टिफिकेट वाचून उलगडणाऱ्या कोडने) ‘हे चुकीचं आहे’ म्हणून सर्टिफिकेट बरोबर नाकारलं, पण नाकारल्यावर मेमरी मोकळी करताना घोळ घातला. नेहमीपेक्षा वेगळे टॅग आले की वाचन हद्दीबाहेर गेलं. हे दोन मासले तसे नेहमीचेच. पण त्याच सूचनापत्रात आणखी एक गोष्ट होती आणि ती मला अजून अस्वस्थ करते. सर्व्हरने क्लायंट सर्टिफिकेट मागितलेलंच नसलं, तरी समोरच्याने ते पुढे केलं की सर्व्हर ते घेऊन पार्स करायला बसायचा. म्हणजे ‘आम्ही क्लायंट सर्टिफिकेट वापरतच नाही, आम्हाला काय त्याचं’ असं म्हणणारे सर्व्हरसुद्धा त्या पार्सरमधल्या चुकांना उघडेच होते.

नवशिकी_पुणे
काका, मूलभूत प्रश्न. सर्टिफिकेट ‘बिघडवायचं’ म्हणजे नेमकं काय करायचं? नोटपॅडमध्ये उघडून दोन अक्षरं बदलायची का? :)

बाइटवाला
हसण्यावारी नेऊ नका, तेही चालतं. पण आत काय आहे ते बघून बदललं तर जास्त मजा.

पीईएम (म्हणजे सर्टिफिकेट अक्षरांत लिहिलेली) फाइल उघडली की पहिल्या ओळीनंतर जवळजवळ नेहमी एम-आय-आय ही अक्षरं दिसतात. तो योगायोग नाही. बेस-६४ (बाइट अक्षरांत लिहायची पद्धत) सोडवलं की पहिले दोन बाइट निघतात ३० आणि ८२ (हेक्समध्ये). ३० म्हणजे ‘इथून एक सिक्वेन्स सुरू’, ८२ म्हणजे ‘पुढच्या दोन बाइटांत तिची लांबी लिहिली आहे’. अख्खं सर्टिफिकेट असंच बनतं: टॅग, लांबी, मजकूर, आणि त्या मजकुराच्या पोटात पुन्हा टॅग, लांबी, मजकूर. डब्यावर बारा लाडू लिहायचं आणि आत आठच भरायचे, असा हा खेळ. पार्सर लांबीवर विसंबून पुढचं वाचत गेला की तो दुसऱ्याच्या मेमरीत शिरतो.

आणखी जागा सांगतो. पोटात पोट असं शेकडो पातळ्या आत नेलं तर रिकर्शनने (कोडने स्वतःलाच पुन्हा पुन्हा हाक मारून) स्टॅक, म्हणजे त्यासाठीची मेमरी, संपतो. (वरच्या गोष्टीचंच शेपूट: ४ नोव्हेंबर २००३ ला ओपनएसएसएलने ०.९.६एल काढली ती याच कारणाने, विंडोजवर क्रॅश होत होतं.) सिरियल नंबर धन हवा आणि जास्तीत जास्त २० बाइटांचा, ऋण द्या, शून्य द्या, शंभर बाइटांचा द्या. तारखांमध्ये तर खजिनाच आहे. यूटीसीटाइम या तारखेच्या प्रकारात वर्षाला दोनच आकडे. ४९ म्हणजे २०४९ आणि ५० म्हणजे १९५०. म्हणून २०५० पासून पुढच्या तारखा दुसऱ्या, चार आकडी प्रकारात लिहायचा नियम आहे. पुढची तारीख जुन्याच प्रकारात कोंबून द्या आणि बघा कोण काय समजतं ते.

हाताने करायचं तर गूगलचं डीईआर-अ‍ॅस्की छान आहे. सर्टिफिकेट मजकूर स्वरूपात उलगडतं, हवं ते बदला, परत बाइट बनवा. नुसतं बघायला ओपनएसएसएलचा एएसएन१पार्स पुरतो.

उंटावरचा_शहाणा
माहितीपूर्ण आहे, पण मूळ प्रश्नाला सोडून. २००३ मध्ये फझिंग (सॉफ्टवेअरवर आपोआप बनवलेल्या वेड्यावाकड्या इनपुटांचा मारा) ही नवलाई होती. आज गूगलचं ओएसएस-फझ २०१६ पासून या लायब्रऱ्या रात्रंदिवस कुटतंय. नाशिककरांच्या टीमने ३० आणि ८२ खेळत बसून काय नवीन सापडणार? पेमेंट अ‍ॅपच्या टेस्टरने पार्सर फझ करणं म्हणजे सरळ सरळ मनुष्यबळाची नासाडी. ज्याचं काम त्याने करावं.

जुना_खेळाडू
@उंटावरचा_शहाणा, निम्मं मान्य. निम्म्यासाठी २०२२ हे एकच वर्ष घ्या.

मार्चमध्ये ओपनएसएसएलमधली सीव्हीई-२०२२-०७७८ (सीव्हीई म्हणजे जाहीर सुरक्षा-चुकीचा नोंदणी क्रमांक) आली, गूगलच्या टॅव्हिस ऑर्मंडी यांनी शोधलेली. सर्टिफिकेटात लंबवर्तुळी वक्राचे पॅरामीटर स्वतःहून लिहून देता येतात. तिथे मूळ संख्या हवी तिथे मूळ नसलेली संख्या दिली, की वर्गमूळ काढणारं फंक्शन कायमचं गोल फिरत बसायचं. क्रॅश नाही, एरर नाही, सीपीयू शंभर टक्के. आणि हे घडायचं सही तपासायच्या आधी, पार्सिंगमध्येच. म्हणजे हल्लेखोराला कोणाचीही खरी सही नको, घरी बसून बनवलेलं सर्टिफिकेट पुरे.

नोव्हेंबरमध्ये दुसरी, सीव्हीई-२०२२-३६०२. आधी ‘क्रिटिकल’ म्हणून दवंडी पिटली, सगळ्यांची झोप उडवली, मग १ तारखेला ३.०.७ काढताना ‘हाय’वर आणली. सर्टिफिकेटातल्या ईमेल पत्त्यातल्या प्युनिकोडमुळे (इतर लिपींतली नावं इंग्रजी अक्षरांत लिहायची पद्धत) चार बाइट बफरबाहेर सांडत होते. पण हे घडायचं चेनच्या (एकाने दुसऱ्यावर सही केलेल्या सर्टिफिकेटांच्या साखळीच्या) सह्या तपासून झाल्यावर. तिथवर पोचायला कुठल्यातरी विश्वासू सीएची (सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची) सही लागणार, किंवा चेन जुळत नसतानाही रेटून पुढे जाणारं अ‍ॅप.

लायब्ररी एकच, वर्ष एकच, पण पहिल्या चुकीपर्यंत कोणीही पोचतो आणि दुसरीपर्यंत सहीवालाच. टेस्टचा आराखडा करताना हा भेद धरायलाच हवा. बाइट उलटेसुलटे केलेल्या सर्टिफिकेटाची सही तुटलेलीच असते, त्यामुळे त्याने पार्सरचा दरवाजा तेवढा तपासला जातो. आतल्या खोल्या बघायच्या तर बिघडवल्यावर पुन्हा नीट साइन करावं लागतं, स्वतःच्या टेस्ट रूटने (चेनच्या मुळाशी असलेल्या सर्टिफिकेटाने).

म्युनिकवासी
जुना_खेळाडूंनी योग्य जागी बोट ठेवलंय. मी इथे गाड्यांमधल्या कंट्रोलरसाठी हेच काम करते, त्यामुळे जरा लांबण लावते.

नाशिककर, तुमच्या दुसऱ्या गटाची योजना (एक एक्स्पायर्ड, एक सेल्फ-साइन्ड) का फसवी आहे ते सांगते. समजा तुम्ही चुकीच्या होस्टनेमचं (सर्व्हरच्या नावाचं) सर्टिफिकेट बनवलं. घाईत सेल्फ-साइन्ड बनवलं. अ‍ॅपने नाकारलं. तुम्ही लिहिलं: होस्टनेम तपासणी पास. पण अ‍ॅपने ते नाकारलं सेल्फ-साइन्ड म्हणून, होस्टनेमपर्यंत गाडी गेलीच नाही! होस्टनेम तपासणीच्या जागी ‘रिटर्न ट्रू’ लिहिलेलं असलं तरी तुमचा रिपोर्ट हिरवागार.

म्हणून आमच्याकडे नियम आहे: एका सर्टिफिकेटात एकच खोट. बाकी सगळं चोख. खरी चेन, चालू तारखा, बरोबर नाव, पक्की सही, आणि फक्त इंटरमीजिएटच्या (चेनमधल्या मधल्या सर्टिफिकेटाच्या) बेसिक कन्स्ट्रेंट्समध्ये ‘सीए: नाही’. पुढच्यात फक्त होस्टनेम वेगळं. त्याच्या पुढच्यात फक्त कालच संपलेली तारीख. आणि या सगळ्याच्या आधी एक निर्दोष सर्टिफिकेट, जे चाललंच पाहिजे. ते चाललं नाही तर पुढचे सगळे ‘नाकारलं’ कवडीमोलाचे.

अँड्रॉइडवर हे हमखास घडतं. अँड्रॉइड ७ पासून, वापरकर्त्याने फोनमध्ये टाकलेल्या रूटवर अ‍ॅप आपोआप विश्वास ठेवत नाही. लोक टेस्ट रूट सेटिंगमधून इन्स्टॉल करतात, अ‍ॅप सगळंच नाकारतं, आणि सगळ्या टेस्ट पास! नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिगमध्ये डीबग-ओव्हरराइड्सखाली तुमचा रूट घाला, म्हणजे तो फक्त डीबग बिल्डमध्ये चालेल. आयफोनवर प्रोफाइल टाकल्यावर सर्टिफिकेट ट्रस्ट सेटिंगमध्ये जाऊन तो रूट वेगळा चालू करावा लागतो, ते बटण लोक विसरतात. आणि अ‍ॅपमध्ये पिनिंग (ठरवून दिलेलंच सर्टिफिकेट स्वीकारणं) असेल तर पिनिंग बंद करून एकदा आणि चालू ठेवून एकदा, असं दोनदा चालवा. पिनिंग सगळंच अडवतं, त्याच्या आड बाकीच्या तपासण्या मेलेल्या असल्या तरी कळत नाही.

नवशिकी_पुणे
बेसिक कन्स्ट्रेंट्स सोडलं तर सगळं कळलं. ते काय असतं?

म्युनिकवासी
सर्टिफिकेटातली एक खूण: ‘हा धारक पुढे दुसऱ्यांना सर्टिफिकेट देऊ शकतो का.’ तुमच्या वेबसाइटच्या सर्टिफिकेटात ती ‘नाही’ असते. ती कोणी तपासलीच नाही, तर साध्या वेबसाइटचं सर्टिफिकेट विकत घेणारा कोणीही बँकेच्या नावाने सर्टिफिकेट बनवून साइन करेल आणि चेन जुळेल. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये हे २००२ मध्ये सापडलं होतं. आणि २०११ मध्ये तीच चूक आयफोनमध्ये, आयओएस ४.३.५ मध्ये दुरुस्त झाली. नऊ वर्षांनी, दुसऱ्या कंपनीत, तीच खोट! याची टेस्ट म्हणजे एक सर्टिफिकेट बनवायचं. पाच मिनिटांचं काम.

चहाटळ
वाचतोय. पु.भा.प्र. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

उंटावरचा_शहाणा
@म्युनिकवासी, एक खोट हा मुद्दा आवडला. पण मग त्याला ‘मालफॉर्म्ड’ म्हणू नका. तुमची सर्टिफिकेटं रचनेने शुद्धच आहेत, फक्त मजकूर खोटा. अ‍ॅप टीमने हे करावं, पार्सर फझिंग लायब्ररीवाल्यांवर सोडावं, एवढंच तर मी म्हणत होतो.

बाइटवाला
बरोबर, पण सीमारेषा वाटते तेवढी ठळक नाही. दोन उदाहरणं.

पहिलं, २००९ मधलं. मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डॅन कामिन्स्की यांनी स्वतंत्रपणे दाखवलेलं. सर्टिफिकेटातल्या नावात मध्येच शून्य बाइट घालायचा: आधी बँकेचं नाव, मग शून्य, मग स्वतःचं डोमेन. सर्टिफिकेटाच्या रचनेत नावाची लांबी वेगळी लिहिलेली असते, त्यामुळे सीएला पूर्ण नाव दिसतं, शेवटी अर्जदाराचंच डोमेन, तो सही करून देतो. ब्राउझरमधला सी भाषेतला कोड मात्र शून्य दिसलं की थांबतो, त्याला दिसते फक्त बँक. रचना शुद्ध, सही खरी, आणि तरी ढळढळीत फसवणूक.

दुसरं जास्त बोचरं. सही तपासणाऱ्या फंक्शनने परत द्यायच्या किंमती तीन: जुळली तर १, नाही जुळली तर ०, तपासताना काही बिनसलं तर उणे १. आणि हाक मारणाऱ्याने लिहिलेलं: ‘जर शून्य आलं तर नाकार’. उणे १ शून्य नाही, म्हणून स्वीकार! चुकीची सही नाकारली जायची आणि वेडीवाकडी, वाचताच न येणारी सही पास व्हायची. ही ओपनएसएसएलमधली सीव्हीई-२००८-५०७७, जानेवारी २००९ मध्ये ०.९.८जे काढून दुरुस्त केलेली. मार्च २०१४ मध्ये जीएनयूटीएलएस या दुसऱ्या लायब्ररीत सापडलेली चूक त्याच जातकुळीची: तपासणीतल्या एररलाच होकार समजलं.

म्हणून ‘चुकीची सही’ आणि ‘मोडकी सही’ अशी दोन वेगळी सर्टिफिकेटं ठेवा. आणि ही चूक लायब्ररीतच होते असं नाही. ज्या ज्या अ‍ॅपने लायब्ररीचं उत्तर स्वतःच्या इफमध्ये घेतलंय, तिथे हीच चूक करायला मुभा आहे.

जुना_खेळाडू
+१. अ‍ॅपवाल्यांचा उद्योग बघायचा तर कर्ल या नेटवरून डेटा आणणाऱ्या लायब्ररीचं उदाहरण घ्या. व्हेरिफायहोस्ट या पर्यायाला २ द्यायचा असायचा. पीएचपीत लोक हौसेने ‘ट्रू’ लिहायचे, त्याचा व्हायचा १, आणि १ चा अर्थ होता ‘सर्टिफिकेटात काहीतरी नाव आहे एवढं बघ’. सुरक्षा चालू केली म्हणून लिहिलेल्या ओळीने सुरक्षा बंद! २०१२ मध्ये याचा बराच बोभाटा झाला आणि कर्लने ७.२८.१ मध्ये १ ही किंमत एररच ठरवली. लायब्ररी धडधाकट, वापरणारा सज्जन, तरी भोक.

सीए_मुक्ता
मी सॉफ्टवेअरवाली नाही, चार्टर्ड अकाउंटंट आहे, पण धागा पूर्ण वाचला. जीएसटी आणि एमसीएच्या फाइलिंगसाठी आम्ही यूएसबी टोकनवर डीएससी (डिजिटल सहीचं सर्टिफिकेट) वापरतो. त्याचा आणि याचा संबंध आहे का? आणि ई-आधारच्या पीडीएफवर ते पिवळं प्रश्नचिन्ह येतं, ते ‘बिघडलेलं सर्टिफिकेट’ आहे का?

जुना_खेळाडू
मुक्ताताई, संबंध आहे. तुमच्या टोकनमधलंही एक्स.५०९ या नमुन्याचं सर्टिफिकेटच, टॅग-लांबी-मजकूर तसाच. त्याची चेन वर भारत सरकारच्या सीसीएच्या (सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांवरच्या नियंत्रकाच्या) रूटपर्यंत जाते. ई-आधारवरचं प्रश्नचिन्ह म्हणजे बिघाड नाही. तुमच्या मशीनवरच्या पीडीएफ रीडरने त्या रूटवर अजून विश्वास ठेवलेला नाही एवढंच. तरी ‘राइट क्लिक करा, ट्रस्ट करा, हिरवी खूण येते’ असं व्हॉट्सअ‍ॅपवर आलं म्हणून डोळे मिटून करू नका. आधी रूट सीसीएच्या साइटवरून ताडून घ्या.

जाता जाता, आपल्याकडचं एक प्रकरण या धाग्याच्या मर्यादा दाखवतं. जुलै २०१४ मध्ये गूगलच्या लक्षात आलं की एनआयसी या सरकारी संस्थेच्या सीएकडून गूगलच्याच डोमेनांची सर्टिफिकेटं निघाली आहेत, गूगलने न मागितलेली. सीसीएने एनआयसीची इंटरमीजिएट रद्द केली, आणि क्रोमने पुढे सीसीएचा रूट जीओव्ही.इन, एनआयसी.इन अशा मोजक्या डोमेनांपुरताच मर्यादित ठेवला. फायरफॉक्सच्या यादीत तो रूट नव्हताच, त्यामुळे त्याला झळ नाही. ती सर्टिफिकेटं तुमच्या कुठल्याही टेस्टमध्ये पास झाली असती: रचना शुद्ध, सही खरी, नाव बरोबर, तारीख चालू. असल्या प्रकाराला तोडगा वेगळा, जारी झालेल्या सर्टिफिकेटांच्या उघड नोंदी ठेवण्याचा. इथे अवांतर होईल.

सीए_मुक्ता
धन्यवाद! व्हॉट्सअ‍ॅपवाला सल्ला आमच्या ऑफिसात सर्रास चालतो. उद्याच सांगते.

टेस्टर_नाशिककर
सगळ्यांना दंडवत. एक शंका. ‘एकच खोट’ मान्य, पण अपेक्षित उत्तर काय ते कसं ठरवायचं? काही खोटी अशा आहेत की त्या नाकाराव्या की चालवून घ्याव्या, स्टँडर्ड वाचूनही मला कळत नाही. उदा. सिरियल नंबर शून्य.

म्युनिकवासी
हा प्रश्न संशोधकांनाही पडला होता. २०१४ मध्ये ब्रूबेकर, जाना, रे, खुर्शीद आणि श्माटिकोव्ह यांनी ‘फ्रँकनसर्ट’ काढले. इंटरनेटवरून सुमारे २ लाख ४३ हजार खरी सर्टिफिकेटं गोळा केली, त्यांचे अवयव सुटे केले आणि एकमेकांना जोडून ८१ लाखांहून जास्त विचित्र सर्टिफिकेटं बनवली. प्रत्येक भाग व्याकरणाने बरोबर, एकत्र मात्र बेताल. अपेक्षित उत्तर कोणालाच माहीत नाही, म्हणून तीच सर्टिफिकेटं अनेक लायब्रऱ्यांना दिली: ओपनएसएसएल, जीएनयूटीएलएस, एनएसएस, पोलारएसएसएल, बाउन्सी कॅसल वगैरे. जिथे एक हो म्हणते आणि दुसरी नाही, तिथे कोणीतरी नक्की चुकतंय. अशी २०८ ठिकाणं निघाली.

त्यातलं एक निरीक्षण तुमच्या अ‍ॅपला थेट लागू आहे. सर्टिफिकेट एक्स्पायरही आहे आणि अविश्वासू सीएचंही आहे, तर काही ठिकाणी फक्त ‘एक्स्पायर झालंय’ एवढंच सांगितलं जायचं. माणूस म्हणतो, कोणीतरी रिन्यू करायला विसरलं असेल, आणि ‘पुढे जा’ दाबतो. म्हणजे सगळ्या एकखोटी टेस्ट झाल्यावर दोन खोटींच्या मोजक्या जोड्या चालवायच्याच, पण तेव्हा बघायचं काय, तर संदेश कोणता येतो ते.

तुमच्या पातळीवर हा खटाटोप नको. एक्स५०९-लिंबो नावाचा तयार संच आहे, अपेक्षित उत्तरांसकट. सिरियल शून्यसारख्या वादाच्या खोटी सोडून द्या. होस्टनेम, तारीख, सीए खूण, की यूसेज (किल्ली कशासाठी वापरायची), नेम कन्स्ट्रेंट्स (कोणत्या नावांपुरतं चालेल), मोडकी सही, चुकीची सही, मधला दुवा गायब. एवढ्यावर ठाम राहा.

चहाटळ
मी आळशी आहे. बॅडएसएसएल डॉट कॉमवर सगळं तयार आहे की. राँग होस्ट, एक्स्पायर्ड, रिव्होक्ड...

बाइटवाला
हाताने पडताळायला उत्तम. पण रोजच्या ऑटोमेशनमध्ये लावू नका. तिथलं काही कधीही बदलू शकतं असं तेच सांगतात. त्याचा कोड खुला आहे, आपल्या मशीनवर चालवा. शिवाय ‘रिव्होक्ड’ला अँड्रॉइड अ‍ॅप सहसा सुखाने हो म्हणतं, कारण रद्द झालंय का ते बाय डिफॉल्ट विचारलंच जात नाही. तो बग म्हणून टाकण्याआधी तुमच्या गरजांच्या दस्तऐवजात तसं लिहिलंय का ते बघा, नाहीतर डेव्हलपरशी नाहक भांडण.

टेस्टर_नाशिककर
अपडेट. म्युनिकवासींच्या पद्धतीने संच बनवला. निर्दोष सर्टिफिकेट आधी चाललंच नाही (डीबग-ओव्हरराइड्स, अर्थातच). ते बसल्यावर अ‍ॅपचे सगळे एपीआय कॉल व्यवस्थित नाही म्हणाले. पण ओटीपीचं पान वेबव्ह्यूमध्ये (आतल्या छोट्या ब्राउझरमध्ये) उघडतं, आणि तिथे चुकीच्या होस्टनेमचं सर्टिफिकेट लावून पान बिनदिक्कत उघडलं! एक्स्पायर्डही उघडलं. कोड मागवला तर ऑन-रिसीव्ह्ड-एसएसएल-एररमध्ये एकच ओळ, हँडलर डॉट प्रोसीड, म्हणजे एरर आली तरी पुढे जा.

उंटावरचा_शहाणा
घ्या. हे फझरला जन्मात सापडलं नसतं. माझा मुद्दाही सिद्ध आणि तुमचाही. प्ले स्टोअरही या ओळीवरून अ‍ॅप अडवतं, मग हे इतके दिवस वर गेलं कसं?

टेस्टर_नाशिककर
स्टोअरवर अजून गेलेलं नाही, पायलट चालू आहे. डेव्हलपर म्हणाला, स्टेजिंगचं सर्टिफिकेट सेल्फ-साइन्ड होतं तेव्हा तात्पुरतं टाकलं होतं.

म्युनिकवासी
तिथे कॅन्सल करायला सांगा, आणि स्टेजिंगला तुमच्याच टेस्ट रूटचं सर्टिफिकेट द्या म्हणजे ती ओळ परत उगवणार नाही. अजून एक: अ‍ॅपमध्ये जोडलेल्या इतरांच्या एसडीकेंचे (तयार कोडसंचांचे) वेबव्ह्यू वेगळे असतात, त्यांचा कोड तुमच्या रेपोत दिसणार नाही. चॅट सपोर्ट, केवायसी, जे जे वेबपान उघडतं त्या प्रत्येकावर हाच संच चालवा. सुरुवात केवायसीपासून करा, तिथून पॅन आणि आधारचे फोटो जातात.